सरळ केलेली शिडी

सभेची वेळ टळून गेली होती. हॉलमध्ये वेळेवर आलेल्या होत्या त्या फक्त खुर्च्या. पट्टीकाकांनी त्या दुपारीच मांडल्या होत्या, आणि नुसत्या मांडल्या नव्हत्या, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून एका ओळीत बसवल्या होत्या. आता ते पहिल्या ओळीत एकटेच बसून दाराकडे बघत होते. बाहेरून जिन्यावरच्या चपलांचे आवाज येत होते, पण ते सगळे घरी जाणारे होते.

पट्टीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात स्टीलची छोटी पट्टी असायचीच. कॉलनीने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कॉलनीच्या हॉलची चावीही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होती. झाडायचं, पंखे पुसायचे, फळ्यावर सूचना लिहायच्या, सभा बोलवायची आणि त्या सभेला हजरही राहायचं, ही सगळी कामं एकट्याची. लोक म्हणायचे, काका आहेत ना. आणि काका होते, हीच तर पंचाईत होती. पण ते पुढे कळायचं आहे.

मधे एकदा वायरमन आत आला तेव्हा काकांचा चेहरा खुलला. पण तो पंख्याचा खटका बघायला आला होता. खटका बघून झाला, "सभा झाली वाटतं?" असं सहज विचारून तो गेलाही. काका उठून एकेक खुर्ची दुमडायला लागले. गुडघा कुरकुरत होता.

आजची सभा साधीसुधी नव्हती. हॉल नगरपालिकेचा, कॉलनीला वापरायला दिलेला. थोड्या दिवसांपूर्वी वॉर्डाचे साहेब येऊन गेले होते. बंद दार आणि बाहेरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघून त्यांनी सरळ सांगितलं, की कोणी वापरत नसेल तर आम्हाला पाइप ठेवायला जागा हवीच आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो, हॉल चालवणारी माणसं दाखवा, नाहीतर चावी द्या. एक माणूस दाखवा म्हणाले असते तर काकांनी स्वतःला पुढे केलं असतं. माणसं कुठून आणायची?

घरी येऊन ते कॉटवर बसले ते बसलेच. त्यांच्या पत्नीला सगळी कॉलनी सिस्टर म्हणते. मोठ्या इस्पितळाच्या हाडांच्या विभागात त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी काही न विचारता गरम पाण्याची पिशवी काकांच्या गुडघ्यावर ठेवली. काका म्हणाले, लोकांना आता कशाचं काही राहिलेलं नाही. तरुण पोरं तर मान वर करून बघतसुद्धा नाहीत, सदा त्या मोबाइलमध्ये. थकलो बुवा. नेऊन ठेवू दे त्यांना पाइप.

"पोरांना कधी विचारलंत?" सिस्टर म्हणाल्या.

"फळ्यावर लिहिलं होतं. 'सर्व तरुणांनी उपस्थित राहावे.'"

"अहो, तो फळा आहे. मी म्हणते, विचारलंत का?"

दुसऱ्या दिवशी काकांनी जिन्यात चिमणीला गाठलं. ही शिंपीणबाईंची मुलगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून चिमणी, आता कॉलेजात जाते आणि काकांपेक्षा टीचभर उंच आहे. काका चाचरतच म्हणाले, की हॉल जायची वेळ आलीय, तुम्ही पोरं काही कराल का? त्यांना वाटलं, हो हो म्हणून सटकेल. पण तिने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाली, "भिंत रंगवू? ती डागवाली? तिच्याकडे बघूनच आत यावंसं वाटत नाही."

शनिवारी दुपारी ती आपल्या कंपूला घेऊन आली. जुन्या चादरी अंथरल्या, घराघरांतून उरलेल्या रंगांचे डबे गोळा केले आणि भिंतीवर कॉलनीच उतरायला लागली. इमारत, तिच्या खिडक्या, मशिनवर बसलेली शिंपीणबाई, इंजेक्शन घेऊन उभ्या सिस्टर आणि त्यांना बघून पळणारं पोर, शिडीवर चढलेला वायरमन. आणि एका बाजूला स्वतः पट्टीकाका, हातात त्यांच्याइतकीच उंच पट्टी! लोक येता-जाता थांबायला लागले. मला का नाही काढलं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तक्रार केली आणि मग बिस्किटांचे पुडे आणून दिले. किती तरी दिवसांनी हॉलसमोर हसण्याचे आवाज आले. अंधारून आलं तेव्हा अर्धी भिंत झाली होती. उरलेली उद्या संध्याकाळी करू, असं ठरवून पोरं घरी गेली.

काका त्या दिवशी सुखाने झोपले. पण पहाटेच जाग आली, आणि डोळ्यांपुढे पहिली उभी राहिली ती इमारतीची रेषा. ती डावीकडे कलली होती. दुपारीच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण बोलले नव्हते. खिडक्यांचंही तेच, एकीचं तोंड दुसरीला नाही. शिडी तर पडायलाच आलेली. ज्याने तीस-पस्तीस वर्षं सरळ रेषाच काढल्या, त्याला हे कसं बघवणार? ते हळूच उठले, पट्टी, दोरी आणि बारीक ब्रश घेऊन खाली उतरले.

कॉलनी उठेपर्यंत काम झालं होतं. इमारत ताठ उभी राहिली, खिडक्या रांगेत आल्या, शिडी नीट टेकली. रंगाचे ओघळ पुसले गेले. स्वतःच्या चित्रातल्या पट्टीवर तर त्यांनी सेंटिमीटरच्या खुणाही करून टाकल्या, अगदी मोजून. मागे सरून बघितलं तेव्हा त्यांना भरून आलं. पोरांची मेहनत वाया गेली नाही, असं वाटलं. तसं मनापासून वाटलं, हे इथे सांगायलाच हवं.

सकाळी चिमणी क्लासला जाताना भिंतीपाशी थांबली. बराच वेळ बघत राहिली. काका गॅलरीतून वाट बघत होते. "छान झालंय, काका," ती वर न बघता म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. सोमवारीही नाही. रंगाचे डबे तसेच पडून राहिले आणि त्यांतले ब्रश वाळून काठ्या झाले. अर्धी भिंत रंगीत, अर्धी डागाची. बुधवारी काकांनी हात टेकले. सिस्टरना म्हणाले, बघितलंस? सोडावॉटरचा फसफसाट नुसता! एक दिवसाचा उत्साह. मी सांगत होतो ना?

सिस्टरनी भाजी चिरायची थांबवली. पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, चला, मला भिंत दाखवा. पायाच्या बोटाच्या दुखण्यामुळे त्या आठवडाभर खाली उतरल्या नव्हत्या. शनिवारचं चित्र त्यांनी गॅलरीतूनच बघितलं होतं. आता त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि शिडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथली वीट कुठे गेली?"

"ती काय, रंगाचा ठिपका पडला होता. पुसला मी."

"तो ठिपका नव्हता हो. वायरमनच्या शिडीचा एक पाय आखूड आहे. कायम खाली वीट लावून चढतो तो, सगळी कॉलनी हसते त्याला. पोरांनी तेच काढलं होतं." सिस्टरनी पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "तुम्ही सरळ केलीत ती त्याची शिडी राहिलीच नाही."

काका भिंतीकडे बघत राहिले. शिडी सरळ होती आणि कोणाचीच नव्हती. खिडक्या सरळ होत्या आणि कोणाच्याच नव्हत्या. सारं चित्र त्यांच्या टेबलावरच्या नकाशासारखं दिसायला लागलं होतं.

सिस्टर हॉलच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनाही बसवलं. म्हणाल्या, इस्पितळात आमच्या वॉर्डात एक मुलगा होता, मनगट मोडलेला. आई फार मायेची. प्लास्टर निघालं तरी घास भरवायची, बटणं लावून द्यायची, पाण्याचा पेलासुद्धा तोंडाशी धरायची. हाड उत्तम जुळलं. पण वापरच नाही म्हणून हात आखडला, मूठ उघडेना.

"आम्ही त्या माउलीला सांगून दमलो. तो सांडेल, सांडू दे. त्याला वेळ लागेल, लागू दे. तिला ते बघवायचं नाही." सिस्टरनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हीही तेच करत आलात. खुर्च्या तुम्ही मांडायच्या, फळा तुम्ही लिहायचा, आणि दुसऱ्याने काही केलंच तर पहाटे उठून नीट करायचं. करायला काही ठेवलंतच नाही, तर लोक येऊन बसतील कशाला?"

काकांना राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद उरली नव्हती. इतकी वर्षं आपण एकट्याने हा गाडा ओढला, हाच त्यांचा अभिमान होता. आज कळलं, की दुसऱ्या कोणाला दोरीला हातही लावू दिला नव्हता! डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मग ते शिंपीणबाईंचा जिना चढले. दर मजल्यावर थांबत थांबत. दार चिमणीनेच उघडलं. काका दारातच म्हणाले, "मी बिघडवलं तुमचं चित्र."

"बिघडवलं नाही, काका. तुम्ही छानच केलंत." ती खाली बघत होती. "पण मग आम्हाला वाटलं, हे काकांचंच आहे. आपण कशाला?"

काकांनी खिशातून हॉलची चावी काढली आणि तिच्या हातात ठेवली. म्हणाले, रविवारी साहेब येणार आहेत, तुम्हाला सुचेल तसं करा. तिने विचारलं, "आणि तुम्ही काय करणार?"

"बसेन."

"बसवेल तुम्हाला?" आतून शिंपीणबाईंनी मशिन थांबवून विचारलं, आणि तिघंही हसली.

बसणं किती अवघड असतं, ते काकांना रविवारी कळलं. हॉलबाहेरच्या बाकावर ते सकाळपासून बसले होते आणि आत जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. खुर्च्या कशाही पडलेल्या, कोणी इकडे तोंड करून, कोणी तिकडे. शिंपीणबाईंनी शिवलेले पडदे एक वर, एक खाली. वायरमन शिडीला वीट लावून पंखा उतरवत होता आणि दुकानदाराला सूचना करत होता. पोरांनी घरोघर जाऊन नुसतं 'या' म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला एकेक काम सांगितलं होतं. म्हणून माणसं आली होती. काकांचा हात सारखा खिशातल्या पट्टीकडे जायचा आणि सिस्टर नुसत्या त्यांच्याकडे बघायच्या.

साहेब आले. गर्दी बघून जरा चपापले, पण लगेच विचारलं, "हॉलची जबाबदारी कोणाची?"

सगळ्यांच्या माना सवयीने बाकाकडे वळल्या. काकांच्या ओठांवर शब्द आलाच होता. एवढा एक 'माझी' म्हणून टाकला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता, आणि उद्यापासून परत तेच सगळं सुरू झालं असतं. त्यांनी ओठ मिटले. कोणी बोलेना. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. आता हॉल जाणार, असं वाटूनही काका बाकावरून उठले नाहीत.

"माझी," मागून चिमणी म्हणाली.

"माझीही," शिंपीणबाई म्हणाल्या. मग वायरमनने शिडीवरूनच हात वर केला. दुकानदाराने आधी आजूबाजूला बघितलं आणि मग घसा खाकरून आपलंही नाव सांगितलं. साहेब म्हणाले, बरं आहे, मग पाइपांना दुसरी जागा बघतो. आणि जाताना भिंतीपाशी थांबून वायरमनच्या शिडीखालची वीट बघून हसले.

हो, उरलेली भिंत रंगवताना पोरांनी वीट परत आणली होती. इमारतही पुन्हा कलली होती. फक्त एका जागी पोरांनी हात लावला नव्हता: काकांच्या हातातली पट्टी. तिच्या सेंटिमीटरच्या खुणा जशाच्या तशा होत्या. "एवढं तुमचं राहू दे, काका," चिमणी म्हणाली.

वाचकहो, आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत असे एखादे काका असतात. कदाचित ते आपणच असतो. लोक येत नाहीत म्हणून आपण थकतो, चिडतो. पण माणूस जिथे काही करू शकतो तिथेच येतो, आणि करताना त्याचं थोडं वाकडंतिकडं होणारच. ते वाकडं सोसणं हेही समाजाचं काम आहे, आणि थकलेल्या माणसाला ते सगळ्यात जड जातं. आणि तुम्ही जर 'काका आहेत ना' म्हणून घरी जाणाऱ्यांपैकी असाल, तर एकदा आत डोकावा. बाकावरचा माणूस खरोखरच दमलेला आहे.

काका आत जाऊन एका खुर्चीवर बसले. ती डुगडुगत होती. त्यांनी ती डुगडुगू दिली. घरी जाताना सवयीने दोनदा खिसा चाचपला, चावी नव्हती, आणि पट्टी तेवढी हाताला लागली.