सातव्या लाइफबोटीवरचा पांढरा रंग

मित्रांनो, चौदा मजल्यांचं पांढरंशुभ्र जहाज तुम्ही चित्रात पाहिलं असेल. पर्यटकांना समुद्रात हिंडवणारं तसलंच एक जहाज मी, आता म्हातारं झालेलं. सध्या जुनी जहाजं मोडायच्या किनाऱ्यावर चिखलात रुतलो आहे आणि कामगार मला पुढच्या बाजूने कापत येत आहेत. मागचा भाग शाबूत आहे, तोवर बोलून घेतो.

मला बांधायला तीन वर्षं लागली. पोहायचे तीन तलाव, नाटकगृह, दोन हजार पाहुण्यांची सोय! पहिल्याच सफरीत एक आजी जिने चढून दमल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे जहाज आहे की गाव?" खोटं कशाला बोलू, मला कोण आनंद झाला होता.

माझा तोरा सांभाळायचा तो माझा रंगारी. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला रोज कुठेतरी गंज धरतो. हा दोरीच्या फळीवर लटकून तो खरवडायचा आणि वर पांढरा रंग द्यायचा. माझ्या लाइफबोटी सांभाळायला होता त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रंगारी त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणू लागले. आमचे कप्तानसुद्धा!

प्रत्येक लाइफबोट दोन लोखंडी हातांवर टांगलेली असते. संकटात ते हात बाहेर वळले पाहिजेत, तरच माणसं वाचतात. त्यांच्या सांध्यांत ग्रीस भरायला बारीक तोंडं असतात. आतलं जुनं, काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाजी पंप दाबत राहायचे. ते आलं की नवं ग्रीस पार आत पोचलं.

पण ते काळं ग्रीस माझ्या पांढऱ्या अंगावर ओघळायचं आणि रंगाऱ्याचं डोकं फिरायचं.

"दाजी, काय हे! कालच रंगवलं होतं मी."

"अरे, यंत्र आहे ते. नवरदेव आहे का?"

"वरून साहेब येतात, डाग बघतात आणि मला बोलतात. तुमचं काय जातं?"

दाजी हसून सोडून द्यायचे. बायकोच्या भावाशी रोज कोण वाद घालणार? हळूहळू ते दोनदाच पंप दाबू लागले आणि फडक्याने पुसून पुढे जाऊ लागले. साहेबांनी माझ्या चकाकीचं कौतुक केलं. रंगाऱ्याला आणखी हुरूप आला. एकदा घाईत त्याने सातव्या लाइफबोटीच्या सांध्यांची तोंडंही रंगवून टाकली. त्यानंतर दाजींचं ग्रीस बाहेरच पसरायचं. भरलं असेल, असं समजून ते पुसून घ्यायचे.

मला कळत होतं, मित्रांनो. सांधा कोरडा पडला होता, करकरत होता. पण मला बोलता कुठे येतं? आणि खरं सांगायचं तर ते पांढरेपण मलाही आवडत होतं.

मग बंदरात सरावाचा दिवस आला. दाजी सातव्या बोटीत एकटे बसले. एक हात वळला, दुसरा अडकला. बोटीचं एक टोक खाली गेलं आणि दाजी धक्क्याच्या दगडांवर पडले. ते पुन्हा उठले नाहीत.

चौकशीच्या कागदात 'सांधा अडकला' एवढंच लिहिलं गेलं. सांध्याच्या तोंडावरचा रंग फक्त रंगाऱ्याने पाहिला होता. त्याने तो नखाने खरवडला. आता ताईला सांगायचं की गप्प राहायचं? चार दिवसांनी ताई दाजींचं सामान न्यायला आली.

दाजींच्या खोलीत ती शर्टांच्या घड्या घालत होती. रंगारी दारातच उभा राहिला.

"ताई, ती तोंडं मी बुजवली होती. रंगाने. माझ्यामुळे गेले ते."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"फोनवर सांगायचे मला," ती म्हणाली. "तुझा भाऊ ग्रीस धड भरू देत नाही, एकदा चांगलं खडसावतो म्हणायचे. मीच म्हणाले, जाऊ द्या हो, त्याचं मन मोडू नका."

मग दोघंही रडली. माझ्या भिंती पातळ आहेत, मला सगळं ऐकू येत होतं.

त्यानंतर मी नऊ वर्षं समुद्रात हिंडलो. नवी, मोठी जहाजं आली, माझ्याकडे कुणी फिरकेना. मला इथे आणून सोडलं, त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते दाजींचं.

म्हणून एकच मागणं आहे, मित्रांनो. एखाद्या वस्तूवर माणसाचा जीव टांगलेला असेल, तर ती नुसती चकचकीत ठेवू नका, आतून बघा. आणि काही चुकतंय असं दिसलं, तर आपल्या माणसाला तोंडावर सांगा. दाजी त्या वेळी कडाडून भांडले असते, तर मेहुण्याने चार दिवस अबोला धरला असता, एवढंच.