दोन केबीत न मावलेले पाय

१४ मार्च, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. वारा नाही, उकाडा भरपूर.

मी या घरातला संगणक बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, रडगाणं गाणार नाही. अकरा वर्षं झाली मला. डब्याचा पत्रा एका बाजूने चेपलाय, पंखा खोकल्यासारखा वाजतो, कीबोर्डवरची दोन अक्षरं पुसून गेलीत. पण मला भंगार म्हणायची कुणाची टाप नाही. त्या मंगळवारीही नव्हती.

कारखान्यात माझे भाग जुळवले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या ऑफिसात थंड हवेत बसायला मिळेल. आलो तो चामड्याच्या आणि सरसाच्या वासात. माझ्या मालकीणबाई बूट शिवतात. दुकानात टांगलेले असतात तसे नव्हे. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वाकडी आहे, बोटं गेली आहेत, अशांसाठी. प्रत्येक माणसाचं एक फोल्डर. त्यात पायाची आखणी, तळव्याचे फोटो, आणि कुठल्या वर्षी कुठे टोचलं, काय बदललं, याची टिपणं. अशी तीनशे सदतीस माणसं माझ्या पोटात आहेत. निम्मी आता लांब राहायला गेलीत आणि फोनवरून जोड मागवतात.

एका पोस्टमनचा जोड त्या शनिवारी पाठवायचा होता. त्याचा उजवा पाय अठ्ठावीस मिलिमीटर आखूड, पण बुटाला उंची द्यावी लागते एकवीस. हे एकवीस सापडायला बाईंना सहा वर्षं लागली. ते लिहिलेलं होतं फक्त माझ्याकडे.

बाईंची एक सवय सांगतो. संगणक त्या कुणाकडे शिकल्या नाहीत. अडलं की वहीत लिहायचं, सुटलं की कसं सुटलं तेही लिहायचं. रोज संध्याकाळी सहाला पेन ड्राइव्ह लावून सगळी मापं त्यात उतरवायची, आणि पेन्सिलीने तारीख, वेळ आणि फोल्डरचा आकार टिपायचा. एकही दिवस चुकला नाही.

आता बाईंचे नवरोजी. हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. दातांच्या डॉक्टरची पाटी करायची होती, तर आधीच्या शुक्रवारी, दहा तारखेच्या रात्री, अक्षरांचं एक नवं वळण त्यांनी इंटरनेटवरून फुकटात उतरवलं. मी पडद्यावर लाल इशारा दिला. त्या फुकटच्या साइटवर लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. यांनी केला.

"पाहुणा येतोय तर कुत्रा बांधायला नको का?" असं म्हणून वर हसले.

तो पाहुणा ट्रोजन निघाला. म्हणजे भल्या माणसाच्या वेशात येणारा आणि आत आल्यावर चोरासाठी मागचं दार उघडून ठेवणारा. मंगळवारी मी इतका मंदावलो की एक फोटो उघडायला सात मिनिटं लागली. कुठली कळ कोण दाबतंय, हे माझ्याच आतून बाहेर कळवलं जात होतं. माझ्या घरात माझ्याच नाकावर टिच्चून.

बाईंनी आधी नेटची वायर उपटली. बँकेचा पासवर्ड बहिणीच्या फोनवरून बदलला. मग मला सेफ मोडमध्ये चालू केलं. त्यात मी फक्त गरजेपुरता जागा असतो, आगंतुकाला उठता येत नाही. तीन तास तपासणी झाली. चार फायली सापडल्या, चारही पुसल्या. बाईंनी लिहिलं, "साफ." सहाला नेहमीप्रमाणे पेन ड्राइव्ह लावला.

बुधवारी सकाळी तो परत हजर. पुन्हा तीन तास, पुन्हा चार फायली, पुन्हा सहाला पेन ड्राइव्ह. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच.

मी काय करणार? मला हात नाहीत, तोंड नाही. पण एक करता येत होतं. पंखा गरगरवत ठेवला आणि बंद पडलो नाही.

गुरुवारी दुपारी बाईंचे दीर आले. यांना ऑफिसात दोन जण संगणकाबद्दल विचारतात, त्यामुळे घरीही ऐट.

"वहिनी, किती दिवस याची सेवा करणार? फॉरमॅट मारतो, मोकळ्या व्हा. नाहीतर भंगारात द्या."

"आणि मापं?"

"रोज आरती केल्यासारखी कॉपी काढता ना? त्यातून परत घ्या."

बाई दमल्या होत्या. खुर्ची सोडून म्हणाल्या, "बरं. मारा."

दिरांनी सीडी सारली. बोट कळीवर गेलं. ते बोट मी कधी विसरणार नाही. इतक्यात बाई म्हणाल्या, "थांबा भावजी, कॉपीचा आकार टिपून ठेवते." त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, आकार पाहिला आणि वही मागे मागे चाळू लागल्या.

"दहा तारखेला चारशे बारा एमबी," त्या सावकाश म्हणाल्या. "अकराला दोन केबी. बाराला दोन केबी. आजही दोन. रोज माझ्याच हाताने लिहिलंय. लिहिलं, पण वाचलं नाही."

"असेल काहीतरी, त्याने काय होतंय?"

"भावजी, तीनशे सदतीस माणसांचे पाय दोन केबीत मावतात का?"

दिरांनी बोट उचललं.

नवरोजी ब्रश पुसत मागे येऊन उभे राहिले होते. चष्मा कपाळावरून खाली घेत म्हणाले, "अगं, या फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात हा बाण कुठून आला? ही पाटी मूळची नाही. वरून कुणीतरी दुसरी ठोकलीय."

बरोबर होतं. ट्रोजनने पेन ड्राइव्हमधलं खरं फोल्डर दडवलं होतं आणि त्याच नावाचं खोटं पुढे केलं होतं. कॉपी झाली का पाहायला बाई रोज सहाला ते उघडायच्या, आणि त्याला नव्याने आत घ्यायच्या. ज्या काळजीने मला जपलं, तीच काळजी त्याला रोज दार उघडून देत होती.

बाई रडल्या नाहीत. वहीत एवढंच लिहिलं: "चूक माझी. सहा वाजताची." दिरांना म्हणाल्या, "चहा घ्या आणि बसा तिकडे."

फॉरमॅट झालाच, पण माझा नाही. पेन ड्राइव्हचा, सेफ मोडमध्ये, आतलं काहीही न उघडता. मग माझी झडती. नवरोजींनी ते फुकटचं वळण स्वतःच्या पायाच्या मापांच्या फोल्डरात ठेवलं होतं. बाईंनी ते फोल्डर मुळासकट उडवलं.

"अगं, त्यात माझी मापं होती."

"होती."

तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा असेल. तो अडखळला की लगेच त्याच्या अंत्ययात्रेची तयारी करू नका. आधी विचारा, त्याच्या पोटात कोण आहे. आणि आम्ही लाल इशारा देतो तो हौस म्हणून नव्हे. मी अजून चालतोय, आणि मला हलवायचं ते बाईंनी सांगितल्यावर.

१८ मार्च, शनिवार. स्वच्छ ऊन. दुपारी ४ वाजून १० मिनिटं. तपासलेल्या फायली २,११,६०४. सापडलेले ट्रोजन शून्य. फोल्डर ३३६. पेन ड्राइव्हवरची कॉपी ४११ एमबी. पोस्टमनचा जोड रवाना, उजवी उंची २१ मिलिमीटर. संध्याकाळी ५ वाजता नवऱ्याच्या पायांचं माप नव्याने घेतलं. फोल्डर ३३७.