पात्याला धरून

माझी भाची डायव्हर आहे. ती जहाजाच्या पंख्याजवळ पाण्यात होती आणि माझ्यासमोरचा दिवा लाल होता. लाल म्हणजे खाली माणूस आहे, पंखा फिरवायचा नाही. हिरवा म्हणजे वाट मोकळी. कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडायचा आणि परत आलेल्या पडसादावरून माणूस ओळखायचा, एवढंच आमच्या नव्या सेन्सरचं काम.

“वटवाघूळसाहेब, चेहरा का उतरलाय?” इंजिनवाला म्हणाला. “सख्ख्या भाचीला पाठवलंत, आता स्वतःवर जरा भरवसा ठेवा.”

तोच तर माझ्याकडे कधी नव्हता. मी भाचीला तिच्या मुखवट्यातल्या फोनवर सांगितलं, “पात्याला धरून थांब. मी मोजतोय तोवर अजिबात हलू नकोस.” प्रयोगशाळेतली सवय. मोजमाप चालू असताना तिथे कोणी टेबलालाही हात लावत नाही.

थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला.

“निघाली वाटतं,” इंजिनवाला म्हणाला. वाट मोकळी झाली की पंखा सावकाश फिरवून बघायचा, असं ठरलेलंच होतं.

मलाही वाटलं, निघाली असेल. यंत्र बरोबर असेल, मीच भित्रा. तरी विचारलं, “कुठे आहेस गं?”

“पात्यालाच धरून. हललेच नाहीये.”

हा सेन्सर मुळात कारखान्यातल्या टाक्यांसाठी बनवलेला. तिथल्या शिड्या आणि पाइप सतत पडसाद देत, म्हणून आम्ही त्याला शिकवलं होतं, जे हलत नाही ते टाकीचाच भाग समजून सोडून दे. हौदातल्या चाचणीत रबरी बाहुला दोरीवर थोडा झुलत राहायचा, त्यामुळे तो नेहमी दिसला. भाची मात्र माझं ऐकून पुतळ्यासारखी थांबली होती, आणि यंत्राने तिला जहाजात जमा केलं होतं.

“थांबा,” मी म्हणालो. इंजिनवाल्याचं बोट बटणाकडे निघालं होतं. मी बटण तळहाताने झाकलं. बोट माझ्या हातावर टेकलं.

“अहो साहेब, हिरवा आहे.”

“ती तिथेच आहे.” मग फोनवर, “हात हलव. जोरात हलव.”

दिवा लाल झाला. इंजिनवाल्याने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

“मामा, तूच म्हणालास ना, हलू नको?”

“चुकलं माझं. वर ये. हात हलवत ये.”

दिवा पुन्हा हिरवा झाला. ती लांब गेली होती, की घाबरून कुठेतरी गोठली होती? दोन्हींचा हिरवा अगदी एकच. मी सारखं विचारत होतो, ती “येतेय” म्हणत होती, आणि माझा त्यावरही विश्वास बसत नव्हता.

“आता तरी हात काढा,” इंजिनवाला हळू आवाजात म्हणाला. इंजिनाची किल्ली त्याने कधीच काढून मुठीत धरली होती.

शिडीवर तिचं डोकं दिसेपर्यंत मी तळहात उचलला नाही. तिने मुखवटा वर सरकवला.

“पास झालं का रे यंत्र?”

“नापास,” मी म्हणालो. मग तिचा हात धरून तिला वर घेतलं.