कुलूपबंद खोलीतलं भस्म

सकाळचे आठ वाजले नव्हते, तोच पवनच्या घरासमोर चपलांचा ढीग पडला. शेलूबाजारहून दोन जीपा भरून आल्या होत्या. इंझोरीतली माणसं तर गावातलाच चमत्कार म्हणून हक्कानं पुढं घुसत होती. नारळवाल्यानं कडुलिंबाखाली गाडी लावली होती. प्रत्येकाला एकच पाहायचं होतं. घरामागची टिनाची खोली, तिचं कुलूप, आणि कुलूप उघडल्यावर आत देवीच्या फोटोवर रात्रीतून उतरलेलं पांढरं भस्म.

"सरका, सरका! कुलूप नीट पाहून घ्या, मंग म्हनान का पवननंच टाकलं!" पवन ओरडला आणि त्यानं किल्ली फिरवली.

दार उघडताच ओल्या कुटाराचा, पिकाच्या भुसकटाचा, उबट भपकारा बाहेर आला. आत अंधार होता. छताला कुटारानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, त्यांच्या छिद्रांतून अळिंबीचे, म्हणजे मशरूमचे, घोसच्या घोस बाहेर आलेले. मधे चौरंगावर देवीचा फोटो. फोटोच्या काचेवर, चौरंगावर, खालच्या लाल कपड्यावर पिठाहून बारीक पांढरी भुकटी पसरलेली.

"उतरलं वं माय! भस्म उतरलं!"

दाराबाहेर पाटावर भस्मानंद महाराज बसले होते. नाकातोंडावर भगवा पट्टा घट्ट बांधलेला. त्याला ते मौनपट्टा म्हणत. मौनपट्टा बांधून महाराज दिवसभर बोलत असत, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"भक्तांनो, विज्ञान जिथं थकते, तिथून आमी सुरू होतो! अमेरिकेहून शास्त्रज्ञ आले. भस्म तपासाले मशीन लावली. मशीन जळून गेली!"

"कोन्ती मशीन, महाराज?" मागून एकानं विचारलं.

"जळाली ना बाबा! आता कशी सांगू कोन्ती होती?"

हे उत्तर सगळ्यांना पटलं. माणसं चार-चार करून आत गेली, भस्म कपाळाला लावून, जिभेला लावून बाहेर आली आणि खोकायला लागली. महाराजांनी हात वर केला. "खोका! पोटभर खोका! जेवढं खोकसान तेवढी बाधा निघन!"

एवढ्या खोकल्यांत पवनच्या बायकोचा, साधनाचा, कान एकाच खोकल्यावर होता. तो आतून येत होता, आणि थांबत नव्हता.

तिची सासू, सोजरबाई, कुलूप उघडताच त्या खोलीत पाटावर जाऊन बसली होती. तिला दहा वर्षांचा दमा. महाराजांनी एकवीस दिवसांची बैठक सांगितली होती आणि तिचा श्वासाचा पंप काढून आपल्या झोळीत ठेवला होता. "श्वास आता माह्या हवाली," असं म्हणाले होते. आज बैठकीचा नववा दिवस. काल सोजरबाईला न्हाणीपासून दारापर्यंत चालतानाही दोनदा भिंत धरावी लागली होती.

"अवो, आत्याबाईले भाईर काढा," साधना सासूकडं बोट करत नवऱ्याला हळूच म्हणाली. "लय खोकला लागला त्याईले."

"बाधा निघून राह्यली, म्हनून लागला," पवन म्हणाला. पवन वाईट माणूस नव्हता. आईसाठी तो अकोल्याच्या दवाखान्यात रात्र-रात्र बसला होता. पण गेल्या महिन्यापर्यंत त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि आता पलीकडच्या तालुक्यातली माणसं त्याचा हात हातात घेत होती. तेवढ्यानं माणूस आंधळा होतो.

साधना मागं सरली. मागं सरणं तिला सवयीचं होतं.

खोली तिनंच उभी केली होती. वाशीमला अळिंबीचं चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, सोयाबीनचं कुटार भिजवून पिशव्या भरल्या. शेलूबाजारचे कूलर दुरुस्त करणारे वहाबचाचा येऊन भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून गेले. सगळं छान चाललं होतं. चूक एकच झाली. पंख्याचं तोंड शेजारच्या जगदेवकाकांच्या अंगणात निघालं.

आणि त्याच अंगणात काकांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले! पोह्याच्या बशा हातात आल्या आणि इकडं साधनानं कुजट पाण्यातलं कुटार उपसून खोलीत पसरलं. पंख्यानं इमानेइतबारे तो सगळा दरवळ पाहुण्यांना पोचवला. मुलाच्या मामानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "तुमच्या इकडं काही मेलं काय जी?"

त्या संध्याकाळी जगदेवकाकांनी भिंतीवरून जे ऐकवलं, ते ऐकून पवननं पंखा बंद केला, वरचं भोक आणि खिडक्या पोत्यांनी ठासून बुजवल्या. वहाबचाचा साधनाला म्हणाले, "वासाचा बंदोबस्त करतो बेटा, पन सामान अकोल्याहून मंगवा लागन. थोडे दिवस थांब."

ते थोडे दिवस लांबले. तोवर खोलीत पूजेला ठेवलेल्या देवीच्या फोटोवर भुकटी पडली. सोजरबाईनंच ती पहिल्यांदा पाहिली आणि हात जोडले. तिसऱ्या दिवशी कुठून तरी वार्ता लागून महाराज उगवले. आल्या-आल्या त्यांनी तीन आज्ञा केल्या. पोती काढायची नाहीत. पंखा लावायचा नाही. आणि अळिंबी तोडायची नाही, ती देवीची छत्री आहे. नंतर उगवलेल्या अळिंबीचे देठ वीतभर लांब आणि टोप्या बोटभर निघाल्या, तेव्हा महाराज म्हणाले, "पाहा! देवीपुढं हात जोडून राह्यल्या!"

साधनाला काहीतरी खुपत होतं. पण काय, ते सांगता येईना. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी हवेचं सांगितलं, आणि त्याच दिवशी तिची एसटी बंद पडून ती दुपारी पोचली होती. दुसऱ्या बाईच्या वहीतून तिनं घाईघाईत उतरून घेतलं होतं. तीच तिला टोचणी होती. आपल्याला अर्धवट कळतं, आणि एवढं मोठं गाव खोटं कसं असेल?

दुपारी गर्दी पांगली तेव्हा वहाबचाचा मोटारसायकलवर जाळीचा मोठा डबा बांधून आले. डबा म्हणजे एकात एक घातलेल्या दोन गोल जाळ्या, आणि मधल्या पोकळीत काळे बारीक दाणे ठासलेले.

"हा कोयसा," ते म्हणाले. "साधा नाही, पान्याच्या फिल्टरमधे भरतात तो. पंख्याच्या मांगं डबा लावतो, वरून सुती कपडा. हवा आधी कपड्यातून, मंग कोयशातून, मंग भाईर. वास कोयसा धरून ठेवते. जगदेवभाऊले मंग कायीच कळत नाही." त्यांनी खोलीकडं मान वळवली. "हे काय? समदं बंद?"

साधनानं सगळं सांगितलं. चाचा दारातून आत डोकावले, दोनदा शिंकले आणि मागं सरले.

"बेटा, चाळीस वर्सं कूलर करून राह्यलो. मी काय पाहातो, सांगू? हवा कुठून येते, कुठून जाते. बस. इथं ना येते, ना जाते. मंग आतलं जे काय हाय, ते आतच पडन."

"आतलं काय पडन, चाचा?"

"ते तूच सांग. ट्रेनिंग तुनं केलं, मीनं नाही."

"तुमी सांगा ना समद्याईले. तुमचं आयकतील."

चाचा हसले. "मी बोललो तं उद्या गाव म्हनन का मियाँनं देवीच्या भस्माले नाव ठेवलं. माह्याशी भांडतील, भस्माचा विचार कोनीच करनार नाही. हे तुलेच बोला लागते."

साधना घरात गेली. वही काढली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर तिच्याच तिरप्या अक्षरात होतं: 'टोपीची कड वर वळायच्या आत तोडणे. उशीर झाल्यास टोपीखालून बीजाणू गळतात.' खाली: 'ताजी हवा कमी पडल्यास देठ लांबतात.' आणि पहिल्याच दिवसाच्या पानावर, चौकटीत: 'खोलीत जाताना नाकातोंडाला फडकं बांधणे. दमा असलेल्यांनी आत जाऊ नये.'

तिनं शेवटची ओळ तीनदा वाचली. मग उठून खोलीतली एक उमललेली अळिंबी देठाशी कापली. कापताना दाराकडं एकदा पाहून घेतलं, आज्ञा मोडत होती ना! आपल्या मुलाच्या पाटीवर ती पालथी ठेवली आणि वर कढई झाकली.

दिवस कलला तेव्हा कढई उचलली. काळ्या पाटीवर पांढऱ्या भुकटीच्या बारीक रेषा उमटल्या होत्या. मधून बाहेर गेलेल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. टोपीखालच्या पापुद्र्यांची हुबेहूब नक्कल. साधना एकटीच स्वयंपाकघरात हसली. मग तिला मागच्या खोलीतला खोकला ऐकू आला, आणि ती पाटी घेऊन तडक अंगणात आली.

संध्याकाळची आरती नुकतीच संपली होती.

"महाराज, मले एक पाहाचं हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या खेपेला कोणी ऐकलंच नाही. दुसऱ्या खेपेला तो तिलाच वाटला त्याहून मोठा निघाला. "हे भस्म माह्या सयपाकघरात बी उतरलं!"

पाटी हातोहात फिरली.

"देवीची परीक्षा घेतं काय पोरी?" महाराज गरजले.

"देवीची नाही महाराज. अळिंबीची. आज दोन पाट्या ठेवू. एकीवर अळिंबी, एकीवर देवीचा फोटो, पुसून. तुमी फोटोवर काय मंत्र म्हनाचे ते म्हना. दोनीवर कढया झाकू, आन सकाळी सगळ्याईसमोर उघडू."

"भस्म त्या खोलीतच उतरते!"

"काल तं म्हनलं, तुमचा हात लागन तिथं उतरते," गर्दीतून जगदेवकाका बोलले. "ठेवा माह्या घरी पाट्या. मी काही या अळिंबीवालीच्या बाजूचा नाही, हे साऱ्या गावाले मालूम हाय."

ते खरं होतं. भिंतीवरचं ते भांडण अख्ख्या गावानं ऐकलं होतं. महाराजांना मागं फिरता येईना. त्यांनी फोटोवर बराच वेळ मंत्र म्हटला, त्यात अमेरिकेचाही उल्लेख आला.

सकाळी जगदेवकाकांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी पहिली कढई उचलली. देवीचा फोटो स्वच्छ, खाली कोरी काळी पाटी. दुसरी उचलली. पाटीवर पांढरं चक्र.

माणसं माना पुढं करून पाहू लागली. साधनानं अळिंबी उलटी करून पुढच्या बायकांना टोपीखालचे पापुद्रे दाखवले.

"हे तिचं बी हाय. वावरात सोयाबीनच्या शेंगा तडकून बी सांडते, तसं. आमी पोते कोंबले, अळिंबी तोडली नाही, म्हनून सारं आतच सांडलं आन फोटोवर बसलं. तुमी खोकले, कारन ते बी तुमच्या छातीत गेलं. बाधा निघाली नाही, आत घुसली."

"मंग ते हात जोडून उभ्या राह्यल्या त्या?" एकीनं विचारलं.

"त्याईले हवा पाह्यजे होती मावशी. हवेसाठी मान लांब करून राह्यल्या होत्या."

हशा पिकला. साधना मात्र महाराजांकडं वळली. "आमाले पह्यल्याच दिशी शिकवलं, आत जाचं तं नाकाले फडकं बांधा. महाराज, तुमाले कोनं शिकवलं?"

सगळ्यांच्या नजरा मौनपट्ट्यावर गेल्या.

"मौनाचा नियम..." महाराज म्हणाले.

"नऊ दिस मौनात बोलूनच राह्यले तुमी!" जगदेवकाका ओरडले. "काढा तो पट्टा आन आत बसा एक घंटा. मंग आमी समदे पाया पडतो."

महाराजांना एकाएकी आठवलं की त्यांना दुसऱ्या गावी समाधीला बसायचं आहे. त्यांनी झोळी उचलली. पण झोळीचा दुसरा बंद कोणीतरी धरला होता. सोजरबाई. धापा टाकत, भिंत धरून ती तिथवर आली होती.

"माहा पंप," ती म्हणाली. तेवढेच शब्द बोलण्याइतका श्वास तिच्याकडं होता.

पवननं झोळी हिसकावली, पंप काढला आणि आईच्या हातात दिला. तिनं दोनदा ओढला. अख्खं अंगण तिच्या छातीकडं पाहत उभं राहिलं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. पवन जमिनीवर बसला आणि रडला, मग कोणाला तोंड न दाखवता पोती उपसायला गेला. तोवर महाराज जीपला लटकून निघून गेले होते. मौनपट्टा तेवढा त्यांनी सोडला नाही.

त्याच दिवशी सोजरबाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं आणि अळिंबीच्या खोलीची पायरीही चढायची नाही, असं बजावलं. दुपारी वहाबचाचांनी पंख्यामागं कोळशाचा डबा चढवला, कपडा गुंडाळला. समोरच्या भिंतीत खाली भोक पाडून जाळी लावली, ताजी हवा आत यायला. पंखा सुरू झाला. जगदेवकाका आपल्या अंगणात भिंतीला नाक लावून उभे राहिले, पुढं सरकले, मागं सरकले.

"चाचा, पंखा चालू हाय ना?"

"हाय ना."

"मंग वास काहून येत नाही?"

"चमत्कार झाला, जगदेवभाऊ," चाचा म्हणाले, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं पोट धरून हसली. मग चाचांनी त्यांना बोलावून डबा उघडून कोळसा दाखवला. काकांनी दाणे बोटांत चोळून पाहिले, दोन प्रश्न विचारले, आणि समजल्यावरच घरी गेले.

आठवड्यानं केनवडहून एक बाई आली. बातमी तिच्यापर्यंत उशिरा पोचली होती. कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी, तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

"इथं दम्यावर भस्म भेटते म्हनतात?"

अंगणात खाटेवर सोजरबाई बसली होती. तिनं मुलीला जवळ घेतलं, पाठीवर कान टेकला. असा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"भस्म नाही बाई. मी नऊ दिस खाल्लं ते, मराले टेकली होती. कोनी काही दिलं तं आधी विचारजो, हे काय हाय, कुठून आलं, आन तू सोता काहून खात नाही. विचारल्यानं देव कोपत नाही. कोपते तो देव नसते." ती उठली, चपला पायात घातल्या. "चाल, दवाखाना उघडा हाय. मी येतो तुह्या संग."