कमरेच्या वर

सुधाकर तळवडेकर सिल्वासात सरकारी नोकरीत होता. चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते त्याला कळेनासं झालं, तिथून दुखण्याला सुरुवात झाली. थोडं चाललं की पाय जड व्हायचे, बसलं की हलके. कमरेचा एमआरआय काढला, गादी सरकलेली दिसली, ऑपरेशन झालं. पाय मात्र आणखीच लुळे पडले. मग व्यायाम. बायको, लीला, शाळेत शिकवून आली की त्याला सामरवरणीच्या रस्त्याने चालायला न्यायची. तो मध्येच मटकन बसायचा.

"जरा मनावर घ्या हो," ती म्हणायची. तो घ्यायचा.

एका सकाळी लघवीच अडली. नळी घालावी लागली. तेव्हा एका नव्या डॉक्टरांनी पावलापासून वर वर सुई टोचत नेली. टोचलेलं त्याला समजलं ते थेट बेंबीच्या वर.

"दोष कमरेत नाही, पाठीत आहे," डॉक्टर म्हणाले.

पाठीच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू सुजलेला होता आणि त्याच्यामागे गांडुळांसारख्या काळ्या रेषा होत्या. एक धमनी भलत्याच ठिकाणी थेट शिरेला जुळली होती. धमनीतल्या रक्ताच्या जोराने शिरांत रक्त तुंबत होतं, मज्जारज्जू गुदमरत होता, आणि चालल्याने ते आणखी वाढत होतं. डॉक्टरांनी कमरेची जुनी फिल्म उजेडात धरली. वरच्या कडेला तसेच काळे ठिपके होते. रिपोर्टात त्यांचा उल्लेख नव्हता.

मुंबईत जांघेतून बारीक नळी घालून एकेका धमनीत एक्स-रेत दिसणारं औषध सोडलं. सुधाकर जागाच होता. सांगतील तेव्हा श्वास रोखत होता. अखेर जोड सापडला, पुढे ऑपरेशन करून बंदही केला.

"आता चालेन ना?" त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"याहून बिघडू नये. गेलेलं परत येईल असं नाही सांगता येणार."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून वर चढवलं. त्यानंतर तो खाली उतरला नाही. लीला रोज पायांना तेल चोळायची.

"राहू दे आता," एकदा तो म्हणाला.

"दुखतंय?" तिने आशेने विचारलं.

"नाही गं. काहीच कळत नाही."

तिने तेलकट हात आपल्या मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मीच तुम्हाला चालवलं."

तुझा काय दोष, असं त्याला म्हणायचं होतं. त्याने हाताने आधी एक पाय उचलून पलंगावर ठेवला, मग दुसरा, आणि भिंतीकडे तोंड केलं.