शेवटचे दोन पेले

काकडी किसता किसता इरजने बोटाचं पेर किसणीवर घासलं आणि सवयीने म्हणाला, "काही नाही, काही नाही, नुसता ओरखडा आहे." ऐकायला घरात कोणी नव्हतं. पण आवाज असा लागला, की एखाद्या सरदाराने छातीतला बाण उपटून फेकावा आणि वर स्वतःच्या घोड्याला धीर द्यावा.

त्याला तो तरी काय करणार? उभी हयात त्याने परदेशी सिनेमांतल्या नायकांना फारसी आवाज देण्यात घालवली होती. तेहरानच्या एका अंधाऱ्या स्टुडिओत तो असंख्य वेळा प्रेमात पडला, तितक्याच वेळा गोळी लागून मेला, आणि दर संध्याकाळी जिवंत होऊन जेवायला घरी आला. लोक सांगतात, एकदा त्याने फळवाल्याकडे गोडसं कलिंगड मागितलं, तर मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. खरंखोटं फळवाला जाणे. इरज निवृत्त झाला, पण आवाज काही झाला नाही. हल्ली तो फ्रिजशी बोले, आणि फ्रिजलाही वाटत असावं की आपल्याला लढाईवर धाडतायत.

काकडीचा कीस त्याने पेल्यात टाकला. मग थोडा थांबला, आणि निम्मा कीस दुसऱ्या पेल्यात काढला.

पुदिन्याची पानं तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने एक चापट मारली. त्याची बायको फरंगीस तसंच करायची. ती होती तोवर त्याला पुदिना आणि कोथिंबीर यांतला फरक सांगता येत नव्हता. आता येत होता. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून त्याने तिच्या सिकंजबीनची बाटली काढून उजेडात धरली. साखर, व्हिनेगर आणि पुदिना आटवून केलेला हा पाक प्रत्येक घरात असतो. काकडीचा कीस, बर्फ आणि गार पाणी घातलं की उन्हाळ्याचं सरबत झालं. इरजच्या घरी गुरुवारी दुपारी त्यात आणखी एक गोष्ट पडे, पण पेल्याकडे पाहून ती कोणाला कळत नसे. फिकट हिरवं, अगदी सज्जन सरबत दिसायचं ते.

फरंगीसने हा पाक गेल्या उन्हाळ्यात आटवला होता. हिवाळ्यात ती गेली, पाक राहिला. इरजने तो पुरवून पुरवून, पाणी वाढवत नेऊन इथवर आणला होता. आता बाटलीत दोन पेल्यांपुरता उरला होता. म्हणजे एकट्याने बसायचे आणखी दोन गुरुवार, नाहीतर कोणासोबत एक. आठवडाभर विचार करून त्याने ठरवलं होतं: एक.

त्याने बाटली दोन्ही पेल्यांवर उपडी धरली आणि शेवटचा थेंब सुटेपर्यंत हात हलू दिला नाही.

दाराची घंटा वाजली.

दारात मोसियो गालुस्त उभा होता, हातात काळी पिशवी. गालुस्त वरच्या मजल्यावर राहायचा. आर्मेनियन ख्रिस्ती, म्हणून सगळ्यांचा 'मोसियो', मोटारींची इंजिनं दुरुस्त करण्यात म्हातारा झालेला, लग्न न केलेला. त्याच्या न्हाणीघरात काय शिजतं ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. शहरात दारूबंदी, म्हणून पिशवीतल्या बाटलीवर लिंबाच्या रसाची चिठ्ठी होती. आतली दारू मनुक्यांची होती, पण दोघंही तिला मानाने व्होडका म्हणत.

"इरज आगा, हात दुखू नये तुमचा, पण जरा धरा. भरलेली आहे."

"या ना मोसियो, आत या."

"नको, कशाला तुम्हाला त्रास."

"त्रास कसला! घर तुमचंच आहे. मी तर तुमचा भाडेकरू."

"पाय धुळीचे आहेत."

"तुमचे पाय माझ्या डोळ्यांवर."

"डोळे सलामत राहोत. येईन, नक्की येईन. पुन्हा कधीतरी."

हा संवाद दोघांना इतका पाठ होता, की मधला एखादा शब्द गाळला असता तरी दुसऱ्याने बरोबर जागी उत्तर दिलं असतं. याला तारोफ म्हणतात. बोलावणाऱ्याने तीनदा बोलवायचं, पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, आणि त्यात कोण मनापासून बोलत होतं ते ज्याचं त्याने ओळखायचं. त्या शहरात असे अनेक जण आहेत, जे परस्परांच्या जेवणाला आजन्म निघालेले आहेत आणि अजून पोचलेले नाहीत.

पण आज इरजला चौथ्यांदा विचारायचं होतं. चौथ्यांदा कोणी विचारत नाही. त्याने एक हात चौकटीवर टेकवला.

"मोसियो गालुस्त, मी खरंच बोलावतोय तुम्हाला."

आणि घात झाला. शब्द साधे होते, पण त्यांना चिकटून तो आवाज आला: बंदरात बोट सुटते आहे, धुकं पडलंय, नायिका वळून पाहते आहे. गालुस्तने उजवा हात छातीवर ठेवला.

"काय बोललात! जीव भरून आला. तुमची सावली आमच्यावरची कमी न होवो." आणि जिन्याकडे वळला.

इरज दारात उभा राहिला. जन्मभर त्याने दुसऱ्यांची खोटी वाक्यं खरी करून दाखवली होती. स्वतःच्या खऱ्या वाक्याचं आज हे असं झालं. गालुस्तचा बूट दुसऱ्या पायरीवर पडला, तिसऱ्या पायरीवर पडला.

"दोन केलेत मी."

हा आवाज कुठून आला ते इरजलाही कळलं नाही. बारीक, किरकिरा, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. गालुस्त कठड्याला धरून वळला. बहुतेक इरजच्या मागे आणखी कोण बोललं ते पाहायला.

"काय दोन?"

"पेले. तिची सिकंजबीन संपली आज. दोन पेल्यांचीच होती." इरजने घसा खाकरला, पण जुना आवाज परत आला नाही. "एकट्याने... नाही जात."

गालुस्त एक पायरी उतरला. मग गुडघ्यावर हात ठेवून पायरीवरच बसला.

"इरज आगा, मला येता येत नाही."

"का?"

"फरंगीस खानूमला शब्द दिलाय."

इरजने पिशवी खाली ठेवली.

"तुमच्या छातीत ती जाळी, स्टेंट, बसवली ना, तेव्हाची गोष्ट. वर आल्या होत्या माझ्याकडे. म्हणाल्या, मोसियो, हा तुम्हाला बोलावणार. बोलावल्याशिवाय याला राहवत नाही. डॉक्टरांनी आठवड्याला एक पेला सांगितलाय. समोर कोणी बसलं की याच्या अंगात सिनेमा येतो, आणि याचा सिनेमा एका पेल्यात संपत नाही. तेव्हा बाटली द्यायची, पण उंबरा ओलांडायचा नाही. घ्या शप्पथ." गालुस्तने खांदे उडवले. "घेतली. इमारतीत एकटाच आर्मेनियन मी. माझा शब्द पक्का असतो म्हणून तर लोक माझं दार वाजवतात."

"म्हणजे मी इतकी वर्षं बोलावत होतो..."

"आणि मला दर वेळी यायचं होतं. एकदा तर कबाबाचा वास येत होता. जिन्यात उभा राहून वास घेतला आणि गेलो वर."

"कबाब नव्हते ते. कटलेट जळले होते."

"तरीसुद्धा, आगा."

इरजने मागे वळून रिकाम्या दिवाणखान्याकडे पाहिलं. गेल्यावरही ती दारात उभी होती तर, हात आडवा धरून. त्याला राग आला. तो कुठे ठेवावा ते सुचलं नाही. मग तो आत गेला. बर्फाचा आवाज आला, बाटलीचं झाकण फिरल्याचा आला. बाहेर आला तेव्हा हातात दोन पेले होते. तो गालुस्तच्या खालच्या पायरीवर बसला.

"उंबरा माझ्या मागे आहे," तो म्हणाला. "तिला काही बोलता यायचं नाही."

"सलामतीने."

"सलामतीने."

एक एक घोट घेतला. गालुस्तने डोळे मिटले. "गोड कमी आहे."

"पाणी घालून पुरवलीय."

"व्होडका मात्र..."

"पोलादासारखी. नेहमीसारखी."

खालून चपलांचा आवाज आला. इमारतीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या सबूरी खानूम, धुतलेल्या चादरी घेऊन गच्चीवर निघाल्या होत्या. पेले लपवायला जागा नव्हती. इरज अंग चोरून उठला, आणि तोंडाने आपलं काम केलं. समोर माणूस आला आणि आपल्या हातात पेला असला, की तेहरानी माणसाचं तोंड त्याला विचारून चालत नाही.

"बिस्मिल्ला, सबूरी खानूम! घ्या ना थोडं."

गालुस्तच्या घशात काकडी अडकली.

सबूरी खानूम थांबल्या. पेल्याकडे पाहिलं, मग इरजकडे. "फरंगीसची सिकंजबीन?"

"शेवटची."

"देवाची दया असो तिच्यावर. तुम्हीच घ्या, मला साखरेचा आजार आहे." त्या दोघांच्या मधून वर गेल्या. वळणावर पोचल्यावर, मागे न पाहता म्हणाल्या, "जपून हो. ऊन फार आहे. डोक्यात जातं."

वर गच्चीचं दार वाजलं. गालुस्तचे खांदे हलायला लागले. मग इरजचेही. दोन म्हातारे पेले सांभाळत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इरजचं पाणी जरा जास्त वेळ येत राहिलं, आणि गालुस्त तेवढा वेळ पेल्यातला पुदिना निरखत राहिला.

पेले तळाला आले. खिडकीबाहेरच्या कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"मोसियो," इरजने विचारलं, "तिने मुदत सांगितली होती का? कधीपर्यंत?"

गालुस्तने उरलेला कीस बोटाने काढून खाल्ला. विचार केला.

"नाही. तेवढं राहून गेलं त्यांच्याकडून."

"मग या आत."

एकदाच म्हणाला. त्याच किरकिऱ्या आवाजात. गालुस्तने नको म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच थोडा वेळ उघडं राहिलं.

"आत काय आहे?"

"काही नाही. चहा आहे."

"चहाचे किती सांगितलेत डॉक्टरांनी?"

"विचारलं नाही."

गालुस्त उठला. उंबऱ्यापाशी येऊन वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गुडघ्यांमुळे वेळ लागत होता. इरज दार धरून उभा होता आणि त्याला एकही वाक्य आठवत नव्हतं. दाराआड पाहुण्यांसाठी सपाता ठेवायची घराची रीत होती, पण पाहुणे येईनासे झाल्यावर तिथे एकच जोड उरला होता: फरंगीसचा, लाल, छोटासा, टाचेशी झिजलेला. इरज तो उचलायला वाकला, पण तोवर गालुस्तने पाय सरकवले होते.

निम्म्या टाचा बाहेर राहिल्या. दोघांनीही त्या पाहिल्या. मग इरजने दार लावून घेतलं आणि चहाचं आधण ठेवायला गेला.