दर महिन्याला ताजे पत्र

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे आणि सध्या फार वैतागलेला आहे. म्हातारपणी यंत्राने शांत राहावे, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण एकाच मजकुराचे पत्र महिन्यामागून महिने काचेवर येऊन पडू लागले, की कोणाचेही डोके तापते.

आधी माझे काम सांगतो. कागदाची हुबेहूब प्रत संगणकात पोहोचवायची, एवढेच ते काम. माझ्या अंगावर एक काच आहे, काचेवर झाकण आहे आणि काचेखाली एक दिवा आहे. कागद पालथा ठेवून बटण दाबले, की माझा दिवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जातो आणि दिसेल ते टिपून घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी काच एका बाईंनी बसवली. काचेखाली धुळीचा एक कण जरी राहिला, तरी तो जन्मभर प्रत्येक कागदावर ठिपका होऊन उमटतो. म्हणून काच बसवताना त्या बाई श्वास रोखून धरत. माझ्याकडून आजपर्यंत एकाही कागदावर ठिपका पडलेला नाही.

पहिली सात वर्षे मी एका शाळेच्या कार्यालयात काढली. "हा आहे म्हणून आपलं चाललंय," असे मुख्याध्यापिका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग एके दिवशी नवे यंत्र आले. ते एका दमात तीस कागद गिळायचे. मला कपाटावर चढवले आणि माझ्या डोक्यावर जुन्या खडूंचा खोका ठेवला. दोन वर्षांनी तिथून मला बाबांनी घरी आणले.

बाबा म्हणजे एका कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. "जुनं यंत्र आहे, घाई करणार नाही," असे म्हणत त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर, संगणकाशेजारी बसवले. घरात आई होत्या. त्या पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आणि त्यांचा मुलगा होता. तो चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासतो आणि स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावतो. त्याची बायको त्याला ढापण्या म्हणते. आपणही तेच म्हणू.

ही बायको मात्र या घरात राहत नव्हती. दूरच्या एका देशात, कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. लग्नानंतर पाच आठवडे ती इथे राहिली आणि पुन्हा कामावर गेली. आता ढापण्याला तिच्याजवळ राहायला जायचे होते.

मित्रांनो, अशा वेळी नुसते तिकीट काढून भागत नाही. तिथल्या सरकारकडे अर्ज करावा लागतो. सरकार विचारते, तुमचे लग्न खरे कशावरून? दोघे राहणार कुठे? बोलावणाऱ्याचे काम पक्के आहे का? प्रत्येक उत्तरामागे कागद लागतो. मी तीन दिवसांत त्र्याऐंशी कागद वाचले. लग्नातले फोटो वाचले, तिच्या खोलीचा भाडेकरार वाचला, आणि ती तिथे कायम नोकरीवर आहे असे तिच्या मालकीणबाईंनी दिलेले पत्रही वाचले. बाबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. मला शाळेतले दिवस आठवले.

पण एक कागद अडला. ज्या बाबांनी उभा जन्म लोकांना दाखले दिले, त्यांच्याच मुलाचा जन्माचा दाखला घरात सापडेना. दुसरा मिळायला पाच महिने लागणार होते.

"मग बाकीचं पाठवून देऊ," आई म्हणाल्या.

"कागद जायचा तर सगळा एकदम जायचा," बाबा म्हणाले. "आणि ते नोकरीचं पत्र महिन्याच्या वरचं झालं, की शिळं. माझ्या टेबलावर मी शिळा कागद कधी घेतला नाही."

हा बाबांच्या टेबलाचा नियम होता. त्या सरकारचाही तोच नियम आहे का, हे कोणी पाहिले नाही. ढापण्याने बायकोला कळवले, आणि दर महिन्याला नवे पत्र येऊ लागले. तोच मजकूर, तीच सही, तारीख तेवढी वेगळी. ते माझ्यावर ठेवले जाई आणि जुनी प्रत पुसली जाई. आपले काम पुसले जाताना पाहणे काय असते, हे फळ्याला विचारा.

तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, संगणकाच्या पडद्यावर बायकोचा चेहरा आला. ती खुशीत होती.

"ढापण्या, ऐक. मी ॲम्ब्युलन्सवर काम करायचं शिकणार आहे. प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली आहे. दोन वर्षांचं आहे."

"आणि कवळ्या?"

"अरे, दिवसभर कोणाचं तोंड दिसत नाही, नुसते दात दिसतात. मला माणसांजवळ काम करायचंय. मी सगळं नीट बघितलंय, आठवड्यातले तीन दिवस..."

"अगं, पण अर्जात कायम नोकरी लिहिलंय."

"तेच सांगतेय. तीन दिवस..."

"आठ महिने थांब. मी तिकडे पोहोचलो की काय हवं ते शीक."

"प्रवेश वर्षातून एकदाच देतात. तू माझ्याजवळ येणार आहेस की माझ्या नोकरीजवळ?"

ढापण्याने संगणक बंद केला. त्या दिवसापासून प्रत्येक रविवार असाच जाऊ लागला. ती 'तीन दिवस' म्हणायची, तो 'आठ महिने' म्हणायचा, आणि मग नेट खराब आहे असे सांगून दोघे बंद करायचे. नेट चांगले होते. मी त्याच तारेच्या शेजारी बसतो.

खरे तर ढापण्या वाईट नव्हता. तो घाबरला होता. दुकानात नजर तपासून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही तो विचारी, "बायकोने नोकरी सोडली तर अर्ज नाकारतात का हो?" एकजण म्हणाला, लगेच नाकारतात. दुसरा म्हणाला, छे, कोण बघतंय. तिसऱ्याने समोरच्या पाटीवरची खालची ओळ चुकीची वाचली, आणि ढापण्याने ती बरोबर धरली.

पाचव्या महिन्यात बायको म्हणाली, "मालकीणबाई विचारत होत्या, दर महिन्याला पत्र लागतं, दुसरीकडे नोकरी शोधतेस का? मी काय सांगू? माझ्या सासऱ्यांना पत्र भाजीसारखं ताजं लागतं?"

बाबा जवळच होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

दोन दिवसांनी जन्माचा दाखला मिळाला. त्याच दिवशी बायकोने पाठवलेले पाचवे पत्रही येऊन पोहोचले. ढापण्याने ते न वाचताच माझ्यावर ठेवले आणि बटण दाबले. ते आधी मी वाचले, आणि माझा दिवा अडखळला. मजकुराखाली एक नवी ओळ होती: 'यापुढे त्या आमच्याकडे राहतील किंवा नाही, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.'

ढापण्याने पडद्यावर ती ओळ दोनदा वाचली. पत्रे मागून मागून त्यानेच मालकीणबाईंच्या मनात शंका घातली होती. ज्याची भीती होती, ते त्याने महिन्याला एक असे जमवून आणले होते.

"मागचं पत्र आहे अजून," तो म्हणाला. "तेच पाठवू. कोणाला कळतंय?"

"ते शिळं..." बाबांनी सुरुवात केली आणि अर्ध्यावरच थांबले.

"शिळं नाही, खोटं," आई म्हणाल्या. "ती पुढच्या महिन्यात तिथे नसणार, हे तुला ठाऊक आहे. उद्या कोणी विचारलं, तर खोटी ती ठरेल, तू नाही."

मग आईंनी अर्जाबरोबर आलेले सूचनांचे चार कागद काढले आणि जवळ घेऊन शांतपणे वाचले. पत्र महिन्याच्या आतलेच हवे, असे त्यात कुठेही नव्हते. शेवटच्या पानावर मात्र होते, की परिस्थिती बदलली किंवा बदलणार असेल, तर कळवावे. ते कागद पहिल्याच दिवशी माझ्यावरून गेले होते. मला ओरडून सांगता आले असते, तर नंतरची चार पत्रे आणि ते सगळे रविवार वाचले असते. पण मला आवाज नाही, फक्त एक घरघर आहे, आणि तिच्याकडे कोण लक्ष देतो!

आईंनी पडद्यावर सुनेला बोलावले आणि मुलाला म्हणाल्या, "आमच्या वेळी दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागली, की लाइन खराब आहे म्हणून तक्रार यायची. लाइन चांगली असायची. आता तू बोलायचं नाहीस."

आणि बायकोने पहिल्यांदाच सगळे सांगितले. आठवड्यातले तीन दिवस प्रशिक्षण, दोन दिवस दुसऱ्या एका लहान प्रयोगशाळेत कवळ्यांचे काम. तिथून होकाराचे पत्र आले होते. दोन वर्षांनंतरची कायम नोकरी प्रशिक्षण देणारेच देणार होते. खोली तीच राहणार होती, दोघांना पुरेल एवढी. हे सगळे तिने एका कागदावर स्वच्छ लिहून ठेवले होते.

"कधी लिहिलंस?" ढापण्याने विचारले.

"दोन महिने झाले. दर रविवारी हातात धरून बसायचे. शुक्रवारी प्रवेशाची मुदत संपतेय. आता तू नको म्हणालास, तरी मी सही करणार आहे. पण तू हो म्हणावंस असं वाटतं."

ढापण्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला पडद्यावर नुसता एक पुसट आकार दिसत असणार. तो त्या आकाराला म्हणाला, "सही कर. कागद पाठव. मी जोडतो."

तो कागद आला, तेव्हा बाबांनी स्वतः माझी काच पुसली. पाचवे पत्रही त्या ओळीसकट जोडले गेले.

मित्रांनो, अर्ज जाऊन आता सात महिने झाले आहेत. मध्ये एकदा तिकडून प्रशिक्षणाचे वेळापत्रक मागवले होते, ते आम्ही पाठवले. त्यानंतर काहीच नाही. होकार येईल की नकार, मला माहीत नाही. मी अजून वैतागलेलाच आहे, आणि ढापण्याही. वाट पाहणे आम्हा दोघांनाही जमत नाही. पण हल्ली रविवारी ती ॲम्ब्युलन्समधल्या गोष्टी सांगते आणि तो शेवटपर्यंत ऐकतो.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्या झाकणावर डबे, पुस्तके ठेवू नका. काच मऊ कापडाने पुसा. आणि दिवा चालत असताना घाईने झाकण उघडू नका. तसे केले, की कागद अर्धाच उमटतो आणि बाकीचा काळा येतो. मग लोक म्हणतात, यात पुढे काहीच नाही. मित्रांनो, पुढे लिहिलेले असते.